बँकॉकचे पाच दिवस आणि मूर्तीचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘बँकॉक प्रवासाचे अनुभव’. आम्ही काही शिकलेले वक्ते नाही. १९८८ साली बदली कामगार म्हणून गिरणीत शिरलो, साच्यावर उभं राहून जन्म गेला. जे काही वाचलं ते दुसऱ्या पाळीहून घरी आल्यावर, ह्याच विहाराच्या कपाटातलं वाचलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत गिरणीचा भोंगा थांबला तो थांबलाच. तेव्हा बोलण्यात कमीजास्त झालं तर आपण सांभाळून घ्यावं.

बंधूंनो, बँकॉक हा शब्द काढला की आपल्याकडचा पुरुषमाणूस गालातल्या गालात हसतो. आम्ही परत आल्यावर नाक्यावर एकाने विचारलं, ‘काय, मसाज केला का?’ बायकोला सोबत नेलं होतं म्हटलं तर म्हणतो, ‘मग जाऊन उपयोग काय?’ त्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही, गिरणीत ह्याहून वाईट चेष्टा ऐकल्या आहेत. वाईट वाटलं ते दुसऱ्या कुजबुजीचं. मूर्तीसाठी वस्तीने गोळा करून दिलेले पैसे ह्या लोकांनी बँकॉकला उडवले, अशी ती कुजबुज. मीटिंगमध्ये आम्ही तोंडी हिशेब दिला, फळ्यावर लिहूनही दाखवला. तरी ती थांबली नाही. म्हणून आज माईकवर, सगळ्यांदेखत, पहिल्यापासून सांगतो.

चाळ रिकामी करून नव्या इमारतीत यायच्या वेळी आपली जुनी मूर्ती टेम्पोत चढवताना हातातून निसटली, खांद्याला भेग गेली. ती प्लॅस्टरची मूर्ती आपल्या वडीलधाऱ्यांनी एकेक दिवसाचा पगार काढून आणलेली. आता नव्या हॉलला नवी, धातूची मूर्ती असावी असं ठरलं. मुंबईतल्या कितीतरी विहारांत थायलंडच्या मूर्ती आहेत, तुम्ही जाताच आहात तर येताना घेऊन या, असं सर्वानुमते ठरलं. घराघरातून वर्गणी निघाली. पन्नास रुपयांची पावती आहे, दोन हजारांचीही आहे. एकूण जमले ३१,७५० रुपये. ते आमच्या हाती दिले. प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने केला. आमचं दोघांचं तिकीट मुलीने काढलं, हेही एकदा सांगून टाकतो.

आम्ही नऊजण निघालो. त्यात बसचे रिटायर ड्रायव्हर दादा आणि वहिनी, पालिकेच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर, चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशी आणि आमचा पुतण्या. पुतण्या मोबाईलमधला माणूस, सगळं बुकिंग त्याचं. त्या दिवसांत भारतीयांना तिथं तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. २२ फेब्रुवारी २०२४ ला, गुरुवारी रात्री, मुंबईहून विमानात बसलो. साडेचार तासांचा प्रवास आणि घड्याळ दीड तास पुढे. मावशी रात्रभर जाग्या. त्यांचं म्हणणं, एवढे पैसे दिलेत तर झोपायचं कशाला.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. सम्राट अशोकाच्या काळी तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर सोण आणि उत्तर ह्या दोन स्थविरांना सुवर्णभूमीला पाठवलं, असं महावंसात आहे. ती सुवर्णभूमी नेमकी कुठली ह्यावर ब्रह्मदेश आणि थायलंड दोघं हक्क सांगतात. आम्ही ते नाव वाचून हात जोडले. मागच्या प्रवाशाने सामानाची गाडी आमच्या टाचेवर घातली.

शहराचं त्यांचं नाव बँकॉक नाही, क्रुंग थेप. म्हणजे देवांची नगरी. १७८२ पासून ती राजधानी आहे. एक गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी भावली. हॉटेलच्या पावतीवर साल होतं २५६७. आपण बुद्ध संवत लग्नपत्रिकेवर आणि जयंतीच्या पोस्टरवर छापतो. तिथं विजेच्या बिलावर, बसच्या पासावर बुद्ध संवत. कोणी मुद्दाम लिहीत नाही, ते तसंच असतं. आपण जे छातीठोकपणे सांगतो ते इथं न सांगता चालतं, हे आम्हाला पचवायला दोन दिवस लागले.

आता आमची फजिती. शुक्रवारी सकाळी आंघोळी करून राजवाडा बघायला निघालो. दारापासून थोड्या अंतरावर नीटनेटक्या कपड्यातल्या एका माणसाने अडवलं. म्हणाला, ‘आज दुपारपर्यंत बंद आहे, पूजा चालू आहे. मी तुम्हाला दुसरी देवळं दाखवतो, रिक्षा स्वस्त.’ आम्हाला वाटलं उद्याच्या पौर्णिमेची तयारी असेल. तीन टुकटुकमध्ये बसलो. त्यांनी एक छोटा वट दाखवला (वट म्हणजे तिथला विहार) आणि मग थेट सूट शिवणाऱ्याच्या दुकानात नेऊन बसवलं. थंड पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, आणि एकाने कापड पुढ्यात टाकलं, ‘शुद्ध लोकर’. बंधूंनो, बाकी कशात फसू, पण कापडात? आम्ही कडेचा एक धागा ओढला, काडी पेटवली. लोकर जळली तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याची काळी गोळी झाली. पॉलिस्टर! दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळे हसलो, पण त्यात दुपार गेली. तो शुक्रवार होता, हे लक्षात ठेवा. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

राजवाडा अर्थातच उघडा होता. परदेशी माणसाला तिकीट ५०० बात, तिथल्या लोकांना फुकट. त्या दिवसांत एक बात म्हणजे आपले सव्वादोन रुपयांहून थोडे जास्त होते, तेव्हा हिशेब करा. आवारात हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती आहे, जगभर तिचं नाव. उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर, पण इतक्या उंच आसनावर की मान वर करून बघावी लागते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी वर्षातून तीनदा तिची वस्त्रं बदलतात आणि ती स्वतः राजा बदलतो. पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, मागे दुमडून बसायचं. ड्रायव्हर दादांचे गुडघे धरले, ते बाहेरच थांबले.

पण त्याच आवाराच्या ओवरीत भिंतभर चित्रं आहेत, आणि चित्रं कशाची? रामायणाची. ते त्याला रामकियन म्हणतात. एकशे अठ्ठ्याहत्तर चित्रं. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला प्रेमात पडणारा आहे, हे ऐकून वहिनींना फार हसू आलं. राजांची नावंसुद्धा राम पहिला, राम दुसरा, सध्याचा दहावा. आम्हाला ते खटकलं, खोटं कशाला बोलू. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माणसं आम्ही. बुद्धाच्या दारात हे काय, म्हणून आम्ही तावातावाने बोलत होतो. सिस्टर म्हणाल्या, ‘भाऊ, आपण त्यांच्या घरी पाहुणे आहोत, आधी बघा तरी.’ गप्प बसलो. राग मात्र गेला नाही.

शनिवारी माघ पौर्णिमा. राजगृहाच्या वेळुवनात साडेबाराशे भिक्खू न बोलावता जमले आणि भगवंतांनी त्यांना उपदेश केला, तो हा दिवस. आपल्याकडे तो वैशाखी पौर्णिमेच्या मानाने साधेपणाने होतो, तिथं देशभर सुट्टी. सकाळी वट साकेतला गेलो. त्याला सोन्याचा डोंगर म्हणतात. शहर सगळं सपाट, दलदलीचं. हा डोंगर माणसांनी केलेला आहे. एका राजाने मोठा स्तूप बांधायला घेतला, मऊ जमिनीत पाया खचला, विटांचा ढीग तसाच पडून राहिला, त्यावर झाडं उगवली. पुढच्या राजांनी त्याच ढिगावर स्तूप पुरा केला. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. मावशी दर वळणावर बसत, घंटा वाजवत, पुन्हा उठत.

ह्या स्तूपात भगवंतांचे अस्थिधातू आहेत, आणि ते आपल्या देशातून गेलेले. १८९८ साली उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा इथं स्तूप खणताना धातूंचे करंडक निघाले. इंग्रज सरकारने त्यातले धातू सयामच्या राजाला, चुलालोंगकोर्नला दिले. त्या काळी आपल्याकडे बौद्ध म्हणवणारं कोण होतं त्यांना विचारायला?

डोंगराच्या पायथ्याशी झाडीत गिधाडांचे पुतळे आहेत. आधी कळेना हे इथं कशाला. मग पाटी वाचली. १८२० साली शहरात पटकीची साथ आली. नगराच्या तटाच्या आत प्रेत जाळायचं नाही असा रिवाज, म्हणून प्रेतं तटाच्या एका दरवाजातून बाहेर काढून इथं आणत. इतकी आली की जाळणं-पुरणं होईना, गिधाडं बसली. बाकीचे प्रवासी डोंगरावरून शहराचे फोटो काढत होते. आम्ही त्या पुतळ्यांपाशी बराच वेळ उभे राहिलो. आपल्या परळ-लालबागची १८९६ च्या प्लेगची गोष्ट आम्ही आजीच्या तोंडून ऐकलेली आहे, तिने तिच्या सासूकडून. कुठल्याही राजधानीचं सोनं दाखवणारे पुष्कळ असतात. मेलेल्या गरिबांची आठवण ठेवणारी जागा आम्ही तिथं पाहिली, म्हणून ते शहर आम्हाला जवळचं वाटू लागलं.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर बामरुंग मुआंग नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि सगळी मूर्तींची, चीवरांची, भिक्षापात्रांची. फुटपाथवर बुद्ध, पुरुषभर उंचीचे बुद्ध, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, जणू रेनकोट घालून ट्रकची वाट बघतायत. केशरी बादल्यांत साबण, टूथपेस्ट, चहा, चीवर असं भरून ठेवलेलं, भिक्खूंना दान द्यायला तयार. आम्ही चीवराचं कापड हातात घेतलं. पॉलिस्टर-कॉटन, बरं होतं. कापड हातात घेतलं की आम्हाला आजोबा आठवतात. त्यांना त्रासन खात्यातच मरावं लागलं. साचेखात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसाला तिथं घेत नसत, आणि पगार तर तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. आम्ही साचेखात्यात उभे राहिलो ते त्यामुळे. तिथं दुकानात हे कोणाला सांगणार? नुसतंच कापड चाचपत उभे.

आणि मूर्ती मिळाली. पितळेची, भूमिस्पर्श मुद्रेतली, पद्मासनावर, साधारण दीड फूट. चेहरा इतका शांत की वहिनी एकदम म्हणाल्या, ‘हीच.’ किंमत १२,५०० बात. म्हणजे बरोबर आपल्या पैशात बसत होती. आम्ही पाकीट काढलं. दुकानदारीण बाईने विचारलं, ‘देशाबाहेर नेणार?’ पुतण्याने मोबाईलवरून हो सांगितलं. तिने मान हलवली. परवाना लागतो. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायची तर तिथल्या सरकारच्या ललितकला खात्याचा परवाना लागतो. गळ्यातल्या छोट्या ताईताला चालतं, पूजेच्या मूर्तीला नाही. बौद्ध माणूस पूजेसाठी नेऊ शकतो, मनाई नाही, पण अर्ज, मूर्तीचे फोटो, पासपोर्टची प्रत, आणि मग कामाचे काही दिवस थांबायचं. आज शनिवार सुट्टी. उद्या रविवार. पौर्णिमा शनिवारी आली म्हणून बदली सुट्टी सोमवारी. आमचं विमान मंगळवारी रात्री. कचेरी उघडी होती ती शुक्रवारी, आणि शुक्रवारी आम्ही सूटवाल्याकडे धागे जाळत बसलो होतो!

दुकानातून परवान्यासकट पार्सल पाठवायची सोय होती. पण त्याचा हिशेब बाईने कॅल्क्युलेटरवर दाखवला, तो मूर्तीच्या किमतीवर गेला. मग शेजारच्या दुकानातल्या पोराने हळूच सांगितलं की पुष्कळ लोक कपड्यात गुंडाळून बॅगेतून नेतात, कोणी बघत नाही.

संध्याकाळी हॉटेलजवळच्या वटात गेलो. हातात कमळाची कळी, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती घेऊन सगळे लोक विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात. कोणी रांग लावत नाही, कोणी शिट्टी फुंकत नाही. पिवळ्या कापडावर लाल धम्मचक्र, असा त्यांचा झेंडा सगळीकडे. आपला पंचरंगी तिथं क्वचित दिसतो. त्या दिवशी दारूची दुकानं बंद होती. हॉटेलात उतरलेले आपल्याकडचेच काही प्रवासी खाली काउंटरवर भांडत होते, ‘बँकॉकला येऊन दारू नाही म्हणजे काय!’ ड्रायव्हर दादांनी त्यांना मराठीतच पंचशील ऐकवलं. त्यांना कळलं नसावं.

मग रात्री आमच्या खोलीत नऊजणांची सभा. मूर्ती घ्यायची का? पुतण्या म्हणाला, बॅगेत मधोमध साड्या गुंडाळून ठेवू. दोघं-तिघं त्याच्या बाजूने. आणि बंधू-भगिनींनो, आज हे सांगायला आम्हाला जड जातंय, पण आमचाही कौल आणावी असाच होता. आम्ही म्हणालो, आपण काही विकायला नेत नाही, विहारात बसवायला नेतोय, आणि हा धम्म मुळात गेलाय कुठून? आमच्याकडूनच ना? आमची वस्तू आम्ही नेली तर बिघडलं कुठं? बोलताना आम्हाला ते फार मोठं वाटत होतं. युनियनच्या गेट मीटिंगसारखा आवाज चढला होता.

मावशी कॉटवर पाय चोळत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आरं, तिच्याफुडं बसून पंचशील म्हणायचं हाय ना? मंग दर पुनवंला मला साडीच आठवंल.’

कोणी काही बोललं नाही. पुतण्याने दिवा मालवला.

रविवारी जे झालं ते ठरवून झालं नाही. आम्ही मुंबईहून निघालो त्याच दिवशी, भारतीय हवाई दलाच्या विमानाने, भगवान बुद्धांचे आणि सारिपुत्त-मोग्गल्लान ह्या दोन अग्रश्रावकांचे अस्थिधातू बँकॉकला आले होते. भगवंतांचे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातून, दोघा शिष्यांचे सांचीहून. राजवाड्याशेजारच्या सनम लुआंग मैदानावर खास मंडप उभारून २४ फेब्रुवारीपासून ३ मार्चपर्यंत दर्शनाला ठेवले होते. आम्हाला ह्याची खबर हॉटेलच्या टीव्हीवर लागली. आपल्या देशातले धातू, आपण बघितले बँकॉकला! दिल्लीच्या संग्रहालयातले धातूसुद्धा पिप्रहवाचेच, १९७० च्या दशकातल्या खोदकामात मिळालेले. आदल्या दिवशी डोंगरावर जे वंदिले ते इंग्रजांनी दिलेले, आणि इथले स्वतंत्र भारताच्या पुरातत्त्व खात्याने शोधलेले. आम्ही दोनदा दिल्लीला मोर्च्याला गेलो आहोत. संग्रहालयात पाऊल टाकलं नाही. कोणी सांगितलंच नाही की तिथं काय आहे.

रांग लांबलचक. ऊन रणरणतं, पण वर मांडव. लोक बहुतेक पांढऱ्या कपड्यात. आमच्या पुढं एक सत्तरीच्या बाई होत्या, शाळामास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. थोडं इंग्रजी त्यांना येत होतं, थोडं पुतण्याचा मोबाईल बोलत होता. त्यांनी विचारलं, ‘इंडिया? हिंदू?’ आम्ही सांगितलं, बौद्ध. त्यांना खरं वाटेना. तेव्हा मावशींनी हात जोडून त्रिशरण सुरू केलं. बाई चमकल्या आणि बरोबरीने म्हणू लागल्या. त्यांचा उच्चार वेगळा. ‘बुद्धं’ला त्या ‘फुत्थंग’ म्हणतात, ‘गच्छामि’ला ‘खच्छामि’. पण चाल चुकली तरी शब्द चुकत नाही. आजूबाजूचे चार-पाचजण त्यात मिसळले.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरात धम्म केव्हापासून? आम्ही सांगितलं, १९५६. आमच्या वडिलांनी घेतला. त्या हसल्या. त्यांना वाटलं भाषेत काही चूक झाली. धम्म घ्यायचा कसा असतो? तो तर घरात असतोच. मग पुतण्याने बाबासाहेबांचं सांगितलं, नागपूरचं सांगितलं. त्यांनी विचारलं, आधीचा धर्म का सोडला? पुतण्याने मोबाईलमध्ये ‘अस्पृश्य’ हा शब्द घातला. मोबाईलने थाई भाषेत काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक. बाईंनी आमच्याकडे, मग मावशींच्या हातांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, ‘कसला रोग होता का?’

आम्ही आयुष्यभर ह्या विषयावर भाषणं केली. त्या रांगेत आम्हाला एक वाक्य सुचलं नाही. सिस्टर इंग्रजीतून म्हणाल्या, ‘रोग होता, पण आम्हाला नव्हता.’ बाईंना कितपत समजलं कोण जाणे. त्यांनी पिशवीतून कमळाची कळी काढून मावशींना दिली, आणि रांग सरकली.

रामकियनच्या भिंतीवरचा आमचा राग तिथं थोडा उतरला. थोडा म्हणतो, सगळा नाही. ज्यांनी ते भोगलं नाही त्यांच्या भिंतीवरचा राम आणि आमच्या गावच्या देवळातला राम एक नव्हे, एवढं आमच्या ध्यानात आलं. त्यांना प्रतिज्ञा घ्यायची वेळच आली नाही. आपल्याला मात्र ती सोडून चालणार नाही, कारण रोग अजून गावात आहे. आत मंडपात धातूंपुढे आम्हाला मिनिटभरही थांबता आलं नाही, मागून लोक येतच होते. मावशींनी कळी ठेवली आणि काही न बोलता बाहेर आल्या.

सोमवारचं थोडक्यात सांगतो, वेळ संपत आली आहे, अध्यक्षसाहेब घड्याळ बघतायत. वट त्रैमितमध्ये साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती पाहिली. कितीतरी वर्षं ती प्लॅस्टरची म्हणून पडून होती. १९५५ साली हलवताना पडली, प्लॅस्टर फुटलं आणि आतलं सोनं दिसलं. वहिनी आमच्या कानात म्हणाल्या, ‘आपली पण पडली होती, आत प्लॅस्टरच निघालं!’ शहराच्या भर चौकात एरावान नावाच्या हॉटेलपाशी चार तोंडांचा ब्रह्मदेव बसवलेला पाहिला, पुढे नाच चाललेला. हॉटेल बांधताना अपघात होत होते म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने बसवला. साल १९५६! महिना नोव्हेंबर. नागपूरला ऑक्टोबरमध्ये आपण ब्रह्मदेवाला निरोप दिला आणि पुढच्याच महिन्यात तो इकडे कामाला लागला, असं ड्रायव्हर दादा म्हणाले. तिथून जागतिक बौद्ध परिषदेचं मुख्यालय बघायला गेलो. ह्याच संस्थेच्या परिषदांना बाबासाहेब १९५० ला सिलोनला, १९५४ ला रंगूनला आणि १९५६ ला काठमांडूला गेले होते. सुट्टीमुळे फाटक बंद. फाटकासमोर उभं राहून नऊजणांचा फोटो काढला. तो मागच्या भिंतीवर लावलेला आहे, त्यात आम्ही डोळे मिटलेले आहोत.

मंगळवारी निघताना पुन्हा त्या रस्त्याला गेलो. मूर्ती होती तिथंच होती. नमस्कार केला, दुकानदारीण बाईंनीही वाकून हात जोडले. विमानतळावर आत गेल्यावर समोर भलंमोठं समुद्रमंथन, वर विष्णू उभा. त्याच्याखाली बसून मावशींनी डब्यातली शेवटची चटणी-भाकरी संपवली.

आता हिशेब. जमा ३१,७५० रुपये. खर्च शून्य. ज्या दिवशी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम विहाराच्या खात्यात भरली, बँकेची पावती कपाटात डाव्या खणात आहे, कोणीही बघावी. बात करून घेतले होते ते पुन्हा रुपये करताना जी घट आली ती आम्ही पदरची भरली, कारण ती आमच्या शुक्रवारची घट होती. मूर्तीचा फोटो, दुकानाचा पत्ता, आणि परवान्याला काय कागद लागतात ते सगळं पुतण्याने लिहून कमिटीकडे दिलं आहे. पुढं कोणी जाणार असेल तर पहिल्या दिवशी त्या कचेरीत जावं आणि सूट शिवायला बसू नये.

दुसरं एक मत असं आलं आहे की ते पैसे जुन्या मूर्तीच्या दुरुस्तीला लावावेत. खांद्याची भेग अजून तशीच आहे, तुम्ही पाहताच आहात. आम्ही त्यावर इथं काही बोलणार नाही, मागच्या वेळी आमचा कौल कुठं गेला होता ते सांगितलंच आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ह्याच हॉलमध्ये बैठक आहे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी आपापली पावती घेऊन यावं.

जयभीम.